घुणाक्षर की औषधगुण? : मानस विकारांवरील संशोधनातील ‘सार्थकता’ कशी वाचावी

आयुर्वेदीय संशोधनपर लेखांच्या शेवटी एक वाक्य हमखास आढळते : ‘सदर परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या अत्यंत सार्थक आहे, पी ०.००१ पेक्षा कमी.’ अनिद्रा, चित्तोद्वेग, स्मृतिदौर्बल्य अशा मानस विषयांवरील पदव्युत्तर प्रबंधांत तर हे वाक्य जवळजवळ परिपाठाचे झाले आहे. वाचक वैद्य ते वाचतो, औषध ‘सिद्ध’ झाले असे मानतो आणि दुसऱ्या दिवशी तेच रुग्णाला सांगतो. परीक्षेच्या दिवसांत मुलासाठी ब्राह्मी मागायला आलेल्या मातेला आपण जे उत्तर देतो, त्यामागे पुष्कळदा असेच एखादे वाक्य उभे असते. म्हणून त्या वाक्याचा नेमका अर्थ काय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा अर्थ काय नाही, हे समजून घेणे ही केवळ संशोधकाची नव्हे, तर चिकित्सकाचीही गरज आहे.

संस्कृतात ‘घुणाक्षरन्याय’ प्रसिद्ध आहे. लाकूड पोखरणारा किडा आपल्या वाटेने जातो. त्या पोखरण्यातून कधी एखाद्या अक्षराची आकृती उमटते. म्हणून किड्याला लिहिता येते असे कोणी म्हणत नाही. संख्याशास्त्रीय सार्थकतेची सारी कल्पना या एका प्रश्नात सामावलेली आहे : समोर दिसणारे अक्षर कोणी लिहिलेले आहे, की ते घुणाक्षर आहे?

मैत्रेयाची शंका

हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात मैत्रेय आत्रेयांपुढे नेमकी हीच शंका मांडतो. चारही पाद उत्तम असून, चिकित्सा मिळूनही काही रुग्ण बरे होतात, काही दगावतात. तसेच चिकित्सा न मिळालेल्यांतही काही बरे होतात, काही दगावतात. मग चिकित्सा आणि अचिकित्सा यांत फरक तो काय? आत्रेय शंका झिडकारत नाहीत. साध्य-असाध्याचा विवेक सांगून, आणि जो चिकित्सेविना बरा होतो तोही चिकित्सेने लवकर व विनाक्लेश बरा होतो असे प्रतिपादन करून ते तिचे निरसन करतात. चिकित्सा न मिळालेल्यांशी तुलना केल्याशिवाय चिकित्सेचे फळ कळत नाही, हे या संवादाचे मर्म आहे. आधुनिक संख्याशास्त्राने या तुलनेला मोजमाप दिले.

पी-मूल्य म्हणजे काय?

इंग्लंडमधील रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने ही पद्धत संशोधकांच्या हाती दिली. १९३५ च्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी दिलेले उदाहरण आजही शिकवले जाते. चहात दूध आधी घातले की नंतर, हे आपण चवीवरून ओळखतो असे एक बाई म्हणतात. आठ पेले तयार केले. चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. बाईंना काहीच कळत नसेल, तर केवळ अंदाजाने सर्व पेले बरोबर ओळखले जाण्याची शक्यता सत्तरात एक. हे सत्तरात एक म्हणजेच पी-मूल्य.

व्याख्या अशी करता येईल : ‘औषधाचा काहीच परिणाम नाही’ असे क्षणभर गृहीत धरले, तर मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ यदृच्छेने दिसण्याची शक्यता किती, हे पी-मूल्य सांगते. त्या गृहीताला शून्य-गृहीतक म्हणतात. ही शक्यता विसात एकाहून, म्हणजे ०.०५ हून कमी असेल तर निष्कर्षास ‘सार्थक’ म्हणण्याचा प्रघात आहे. विसात एक ही सीमा सोयीने ठरलेली आहे. निसर्गात तशी कोणतीही रेघ नाही. स्वतः फिशर यांनाही एकाच प्रयोगातील सार्थकता पुरेशी वाटत नसे. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला असता क्वचितच अपयशी ठरतो, तेव्हाच ती गोष्ट सिद्ध मानावी असे त्यांचे मत होते. पुढे जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी या पद्धतीला निर्णयाच्या नियमांची जोड दिली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी लंडन येथे याच परंपरेत संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुण्यातील एक चाचणी

महाराष्ट्रात झालेले एक उदाहरण ही संकल्पना फार स्वच्छ दाखवते. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. बुद्धिमान असलेली शंभर मुले आणि मतिमंदत्व असलेली शंभर मुले, अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या मांडल्या. सहभागी ज्योतिषांना त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातील ते सांगायचे होते. कोणती कुंडली कोणाची, हे संकेतांकात झाकलेले होते. त्याचा अहवाल मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

फलज्योतिषाचा वाद येथे आपला विषय नाही. चाचणीची आखणी हा विषय आहे. नाणे उडवून उत्तरे दिली तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येणारच. म्हणून यशाची सीमा आधीच ठरवली होती : किमान २८ बरोबर. नुसत्या अंदाजाने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांपैकी सर्वाधिक गुण २४ होते आणि सर्वांची सरासरी निम्म्याच्या खालीच राहिली. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. त्यांतील १०२ उत्तरे बरोबर आली.

आता त्या २४ गुणांकडे पाहा. ज्याला ४० पैकी २४ मिळाले त्याने स्वतःपुरती जाहिरात केली असती, की ‘माझी ६० टक्के भाकिते खरी ठरली’, तर ती खोटी नसती. परंतु नाणे उडवणाऱ्यालाही २४ किंवा अधिक गुण शंभरात सुमारे १३ वेळा मिळतात. आणि नाणे उडवणारे २७ जण असतील, तर त्यांच्यातील किमान एकाला तेवढे गुण मिळण्याची शक्यता ९८ टक्के असते. म्हणजे २७ जणांतील सर्वोत्तमाचे २४ गुण ही अपेक्षित घटना होय. किती जणांनी प्रयत्न केला हे ठाऊक नसेल, तर एकाच्या यशाला अर्थ नसतो. हा धडा औषधांनाही जसाच्या तसा लागू आहे.

संशोधक स्वतः काय समजतात?

पी-मूल्य हे गृहीतकाची शक्यता सांगत नाही; गृहीतक खरे मानल्यास निरीक्षणाची शक्यता सांगते. ही उलटसुलट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. जर्मनीतील हाइको हालर आणि स्टेफान क्राउस यांनी २००२ मध्ये मानसशास्त्र विभागांत एक लहान प्रश्नावली फिरवली. पी-मूल्य ०.०१ आले असता त्यावरून काढलेली सहा विधाने तीत होती आणि सहाही चुकीची होती. ‘शून्य-गृहीतक खरे असण्याची शक्यता एक टक्का आहे’, ‘हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर ९९ टक्के वेळा सार्थक निष्कर्ष येईल’ अशा अर्थाची ती विधाने होती. एक तरी चुकीचे विधान बरोबर मानणाऱ्यांत सर्वच्या सर्व विद्यार्थी होते, सुमारे ९० टक्के संशोधक होते, आणि संख्याशास्त्रीय पद्धती शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी ८० टक्के होते.

चिकित्सकाला ही चूक विडाल चाचणीवरून पटकन कळेल. विषमज्वरात विडाल चाचणी पुष्कळदा सकारात्मक येते, हे खरे. पण चाचणी सकारात्मक आली म्हणजे विषमज्वर आहेच, हे खरे नव्हे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही ती तशी येते. म्हणून आपण लक्षणे, काळ, देश पाहूनच निदान करतो. संशोधनातही तसेच आहे. समजा, एक हजार कल्पना तपासल्या आणि त्यांतील शंभरच मुळात खऱ्या आहेत. चांगली आखणी असल्यास शंभरांतील ८० सार्थक ठरतील. उरलेल्या नऊशे खोट्या कल्पनांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, यदृच्छेने सार्थक ठरतील. एकूण सार्थक निष्कर्ष १२५ आणि त्यांतील ४५ पोकळ. प्रत्येक निष्कर्षावर ‘विसात एक’चा शिक्का असूनही तीनांतील एकाहून अधिक निष्कर्ष घुणाक्षरेच आहेत.

हे केवळ गणित राहिले नाही. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील शंभर प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती प्रकाशित झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थक ठरले आणि परिणामाचा आकार सरासरीने मूळच्या निम्मा भरला. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने निवेदन काढून सांगितले, की पी-मूल्य हे गृहीतक खरे असण्याची शक्यता मोजत नाही, परिणाम किती मोठा वा महत्त्वाचा हेही मोजत नाही, आणि केवळ त्याच्या एका सीमेवर कोणताही निर्णय उभा करू नये.

पुष्कळ कसोट्यांतील एक

मानसविषयक संशोधनात ही अडचण अधिक का, याचे कारण मोजण्याच्या गोष्टींत आहे. ज्वर तापमापकाने मोजता येतो. स्मृती, चिंता, निद्रासुख यांना अनेक प्रश्नावल्या, अनेक चाचण्या लागतात. एखाद्या निर्गुण द्रव्यावर वीस स्वतंत्र कसोट्या लावल्या, तर किमान एक ‘सार्थक’ येण्याची शक्यता ६४ टक्के असते. अमेरिकेतील जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांनी २०११ मध्ये हे मुद्दाम करून दाखवले. कसोट्या व तुलना सोयीने निवडून त्यांनी ‘सिद्ध’ केले, की बीटल्सचे एक विशिष्ट गाणे ऐकल्याने विद्यार्थ्यांचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते. आकडे खरे होते, गणित बरोबर होते, निष्कर्ष हास्यास्पद होता.

या दृष्टीने ब्राह्मीकडे पाहू. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात रूडनरिस आणि सहकाऱ्यांनी ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींवर तीन महिन्यांचा तुलनात्मक अभ्यास केला. स्मृतीच्या अनेक चाचण्यांपैकी नव्याने शिकलेली गोष्ट टिकवून ठेवण्याच्या चाचणीत सार्थक फरक आढळला. शिकण्याच्या वेगात आढळला नाही. हा अभ्यास मोलाचा आहे, परंतु ‘ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते हे सिद्ध झाले’ एवढे मोठे वाक्य त्यावर पेलत नाही. अभ्यास प्रौढांवरचा आहे, दहावीच्या मुलांवरचा नाही. शिवाय त्यात वापरलेली वनस्पती बॅकोपा, म्हणजे आपली नीरब्राह्मी, आहे. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत ब्राह्मी म्हणून जी पाने आणली जातात ती मंडूकपर्णीची असतात. एका वनस्पतीचे पी-मूल्य दुसरीच्या पदरात टाकता येत नाही.

सार्थक आणि मोठा

‘सार्थक’ या शब्दाने दुसरा भ्रम होतो तो आकाराचा. मानसिक ताण मोजण्याची दहा प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली आहे; तिचे गुण शून्य ते चाळीस असतात. समजा, औषध घेणाऱ्या एक हजारांत आणि न घेणाऱ्या एक हजारांत सरासरीने केवळ एका गुणाचा फरक पडला. गुणांचे प्रमाणित विचलन सहा धरले, तर हा फरक ‘अत्यंत सार्थक’ ठरतो. पण चाळिसांत एका गुणाने रुग्णाच्या झोपेत, कामात काय फरक पडणार? उलट, प्रत्येकी पंधरा रुग्णांच्या दोन गटांत चार गुणांचा फरक पडला तर तो सार्थक ठरत नाही. वस्तुतः हा फरक चौपट मोठा आहे. कमी पडले ते रुग्ण. म्हणून ‘सार्थक नाही’ याचा अर्थ ‘गुण नाही’ असा कधीही घेऊ नये. लहान प्रयोगांवरून चांगली औषधे टाकून दिली जाण्याचा धोका आपल्या शास्त्राला तितकाच आहे.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंद्रशेखर, कपूर आणि अनिशेट्टी यांच्या अश्वगंधेवरील अभ्यासात परिणामाचा आकारही दिला आहे, हे त्याचे बलस्थान. ६४ तणावग्रस्त प्रौढांना दोन गटांत विभागून साठ दिवस मूळाचा घन अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा हुबेहूब दिसणारी गुणहीन मात्रा दिली. ताणाचे गुण अश्वगंधा गटात ४४ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटात ५.५ टक्क्यांनी घटले. फरक मोठा आहे, आशादायक आहे. तरीही व्यक्ती ६४, काळ दोन महिने आणि कल्प अर्काचा, ही चौकट विसरता कामा नये. दुधातील अश्वगंधा चूर्णाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

तुलना गटाशिवाय

आता आपल्या घरचे दुखणे. आपल्याकडील पुष्कळ प्रबंधांची आखणी अशी असते : तीस रुग्ण, सर्वांना एकच औषध, प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन गुण, चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे गुण, आणि त्यांतील फरकाचे पी-मूल्य. हे पी-मूल्य जवळजवळ नेहमीच ०.००१ हून कमी येते. ते खोटे नसते. ‘रुग्णांत काहीच बदल झाला नाही’ हे गृहीतक त्याने फेटाळले जाते. परंतु तो बदल औषधाने झाला, हे त्याने सिद्ध होत नाही.

रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काही न करताही त्रास थोडा उतरतो. वैद्याचे आश्वासन, नियमित विचारपूस, पथ्याने दिनचर्येला आलेली शिस्त यांचाही गुण येतो. आणि काळ तर बदलतोच. समजा, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातील चित्तोद्वेगाच्या रुग्णांवर जून-जुलैत अभ्यास सुरू केला. त्या दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कमाई थांबलेली आणि देणी उभी. आठ आठवड्यांनी गुण पुन्हा मोजले तोवर नारळी पौर्णिमा होऊन होड्या दर्यात गेलेल्या. चिंतेचे गुण उतरले तर श्रेय औषधाचे की दर्याचे? पी-मूल्य या प्रश्नाला मुके असते; उत्तर देतो तो शेजारचा तुलना गट.

या शिस्तीचे उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झाले. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. परंतु कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जागेमुळे पडणारा फरक कोणता आणि पृथ्वीच्या चुंबकत्वातील बदल कोणता, हे वेगळे करता आले. एकाच काळातील दोन समांतर नोंदी, हेच तुलना गटाचे सार.

वाचताना विचारावयाचे प्रश्न

यावर उपाय आहेत. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून प्रयोग सुरू होण्यापूर्वीच तेथे नोंद करावी लागते. मुख्य कसोटी कोणती हे आधी जाहीर झाले, की वीसांतील सोयीची एक मागाहून निवडता येत नाही. पुण्याच्या चाचणीत २८ हा आकडा आधीच ठरला होता, त्याचे महत्त्व हेच.

आपल्यापैकी प्रत्येकाला संशोधन करणे शक्य नाही, पण वाचणे शक्य आहे. मानस विकारांवरील कोणताही लेख हाती आला असता पुढील प्रश्न विचारावेत :

१. तुलना गट होता काय? कोणास काय दिले, हे रुग्ण व परीक्षक या दोघांपासून झाकलेले होते काय?

२. मुख्य कसोटी आधी ठरली होती काय? एकूण किती कसोट्या लावल्या?

३. फरक किती गुणांचा आहे? रुग्णाला तो जाणवेल इतका आहे काय?

४. रुग्ण किती? निष्कर्ष सार्थक नसल्यास संख्या तोकडी तर नव्हती?

५. द्रव्य, कल्प, मात्रा, वय व प्रकृती आपल्या रुग्णाशी जुळतात काय?

६. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी हा प्रयोग झाला आहे काय?

सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. पी-मूल्याची जागा अनुमानाच्या एका कोपऱ्यात आहे. युक्ती अनेक कारणांचा एकत्र विचार करते; पी-मूल्य ‘हे निव्वळ यदृच्छेने घडले असते काय’ एवढाच एक प्रश्न विचारते. त्याला चारही प्रमाणांचे सिंहासन देणे हा संख्याशास्त्राचाही अपमान आहे आणि आयुर्वेदाचाही. ब्राह्मी मागायला आलेल्या मातेला ‘सिद्ध झाले आहे’ असे सांगण्याऐवजी, प्रौढांवरील काही अभ्यासांत स्मृतीच्या एका अंगास उपयोग दिसला आहे, मुलाची झोप, आहार आणि अभ्यासाची वेळ यांकडेही पाहू, असे सांगणारा वैद्य अधिक विश्वासास पात्र ठरतो. आपल्या औषधांत गुण आहे असा आपला विश्वास असेल, तर कठोर तुलनेची भीती बाळगण्याचे कारण नाही. मैत्रेयाची शंका आत्रेयांनी पूर्ण ऐकून घेतली होती. आपणही ऐकली पाहिजे.